‘२.२०’ म्हणजे किती जमीन? सामाईक सॉफ्टवेअर दुसऱ्याला वाचता येण्याविषयी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या पतसंस्थांचे, दूध संस्थांचे, उद्यमबागेतल्या लहान कारखान्यांचे हिशेब आता संगणकावर आहेत. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर पुष्कळदा इथल्याच तीन-चार मुलामुलींनी मिळून लिहिलेले असते. लिहिणारे पुण्याला किंवा बेंगळूरला जातात, संस्था इथेच राहते आणि सॉफ्टवेअर पुढची कित्येक वर्षे चालते. नियम बदलला, दर बदलला, नवा रकाना हवा झाला की नवा माणूस कोड (संगणकासाठी लिहिलेल्या सूचनांचा मूळ मजकूर) उघडतो आणि त्याला काही उमगत नाही. बिघाड दुरुस्त करण्यापेक्षा तो कुठे आहे हे शोधण्यातच सगळा वेळ जातो. म्हणून कोडची वाचनीयता आणि सोबतचे दस्तऐवज याबद्दल थोडे तपशिलात लिहीत आहोत. हा विषय फक्त संगणकवाल्यांचा नाही. संस्थेचे सचिव, कॉलेजचे प्राध्यापक आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी यांनीही तो समजून घ्यावा असे वाटते.

आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. सीमेच्या दोन्ही बाजूंना जमीन असलेले शेतकरी इथे नवीन नाहीत. एक तुकडा बेळगाव तालुक्यात, दुसरा पलीकडे चंदगडात. कर्नाटकच्या उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठे-आण्यांत येते, महाराष्ट्राच्या सातबारावर हेक्टर-आरमध्ये. आता सॉफ्टवेअरमध्ये ‘क्षेत्र’ नावाचा एक रकाना आहे आणि त्यात २.२० लिहिले आहे. हे दोन एकर वीस गुंठे असेल तर ती अडीच एकर जमीन झाली. दशांशातले एकर असतील तर दोन एकर आठ गुंठे, म्हणजे बारा गुंठ्यांचा फरक. दोन हेक्टर वीस आर असतील तर जवळजवळ साडेपाच एकर. एवढ्यावर भागत नाही. रकाना दशांश संख्येचा असेल तर शेवटचे शून्य गळते आणि २.२ उरते. पुढे कुणी बिंदूवर तोडून वाचले की दोन एकर दोन गुंठे! संगणक कुठेही चूक दाखवत नाही, कारण त्याच्या लेखी ही साधी संख्या आहे.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. रकान्याच्या नावातच एकक लिहावे: ‘क्षेत्र_चौमी’, ‘क्षेत्र_गुंठे’. उताऱ्यावर जसे लिहिले आहे तसे ते मजकूर म्हणून एका रकान्यात जपावे, दुसऱ्या रकान्यात चौरस मीटर ठेवावेत आणि तिसऱ्यात उतारा कोणत्या राज्याचा हे लिहावे. रूपांतराचे आकडे एकाच ठिकाणी असावेत: १६ आणे म्हणजे एक गुंठा, ४० गुंठे म्हणजे एक एकर, एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट किंवा सुमारे १०१.१७ चौरस मीटर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे असले तरी एक नव्हेत. हा फरक टिपेत, म्हणजे कोडमध्येच माणसांसाठी लिहिलेल्या शेऱ्यात, लिहून ठेवला नाही तर कुणीतरी सोयीसाठी दोन्ही एकच धरतो.

एककांचा घोळ मोठ्यांच्या हातूनही झाला आहे. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ पोहोचताना गमावले गेले. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत दिले होते आणि पुढच्या सॉफ्टवेअरने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. विशेष म्हणजे कागदोपत्री न्यूटन-सेकंदच ठरलेले होते. दस्तऐवज बरोबर होता, कोड त्याप्रमाणे नव्हता. म्हणून दस्तऐवज एकीकडे आणि कोड दुसरीकडे अशी विभागणी आम्हाला धोक्याची वाटते. माहिती जितकी कोडच्या जवळ, तितकी ती खरी राहण्याची शक्यता जास्त.

पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये व्याज काढणारे एक फंक्शन, म्हणजे एक काम करणारा कोडचा नाव दिलेला तुकडा, असतेच. त्याला मुद्दल, दर आणि मुदत द्यायची, व्याज परत येते. वाचणाऱ्याला पडणारे प्रश्न असे: दर १२ असा द्यायचा की ०.१२? मुदत दिवसांत की महिन्यांत? वर्ष ३६५ दिवसांचे की ३६० चे? लीप वर्षाचे काय? ठेव ठेवल्याचा दिवस मोजायचा का? पूर्णांक रुपया प्रत्येक हप्त्याला करायचा की शेवटी एकदाच? यांतले पहिले दोन प्रश्न नुसत्या नावांनी सुटतात: ‘वार्षिक_दर_टक्के’ आणि ‘मुदत_दिवस’. उरलेल्यांसाठी फंक्शनच्या डोक्यावर चार ओळींची टीप पुरते, आणि तिच्यात एक सोडवलेले उदाहरण हवेच. १०,००० रुपये, दर १२ टक्के, ७३ दिवस, वर्ष ३६५ दिवसांचे: व्याज २४० रुपये. वर्ष ३६० दिवसांचे धरले तर हेच व्याज २४३ रुपये ३३ पैसे येते. हे एक उदाहरण पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगून जाते. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत डॉकटेस्ट नावाची सोय आहे. टिपेत लिहिलेले उदाहरण ती खरोखर चालवून पाहते आणि उत्तर जुळले नाही तर चाचणी नापास करते. टीप जुनी झाली तर ती लगेच कळते. ही सोय फुकट असूनही फार कमी ठिकाणी वापरलेली दिसते.

पूर्णांकाबद्दल आणखी एक सूचना. पायथन ३ मधले राउंड हे फंक्शन बरोबर अर्ध्यावर आले की जवळच्या सम संख्येकडे जाते. २४०.५० चे २४० होतात आणि २४१.५० चे २४२. संस्थेचा कारकून पन्नास पैशाला वरचा रुपया धरत असेल तर काही पावत्या जुळतील, काही जुळणार नाहीत, आणि वर्षअखेरीला ताळेबंदात थोडेसे रुपये कमी-जास्त दिसतील. पूर्णांकाचे फंक्शन संस्थेने स्वतःचे एकच लिहावे, त्याला ठळक नाव द्यावे आणि नियम कोणत्या ठरावाने ठरला ते टिपेत लिहावे. रकमा शक्यतो रुपयांऐवजी पैशांत, पूर्ण संख्येत साठवाव्यात.

टिपेत काय लिहावे यावर विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. ‘मोजणी एकने वाढवा’ अशी टीप एक मिळवणाऱ्या ओळीच्या डोक्यावर लिहिण्यात काही अर्थ नाही. ओळ स्वतःच ते सांगते. जी गोष्ट कोडमध्ये दिसू शकत नाही ती टिपेत हवी. दंडव्याज पहिल्या थकलेल्या हप्त्याला न लावता दुसऱ्यापासून का लावले? कारण संचालक मंडळाचा ठराव तसा आहे. मग ठरावाचा क्रमांक आणि तारीख टिपेत लिहा. नाहीतर पुढचा हुशार माणूस त्याला चूक समजून ‘दुरुस्त’ करतो आणि सभासदांच्या तक्रारी सुरू होतात. कोड बदलून टीप तशीच ठेवली तर ती टीप नसलेल्यापेक्षा वाईट. नको असलेला कोड न पुसता टिपेच्या रूपात मागे ठेवण्याची सवयही सोडावी. कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनात सगळा इतिहास असतो. पुसलेले केव्हाही परत काढता येते. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून कोड लिहून घेताना प्रत्येक ओळीवर छान दिसणारी टीप आपोआप येते. त्यातल्या बऱ्याच टिपा ओळीचाच पुनरुच्चार करतात, आणि ‘का’ हे त्या साधनाला ठाऊक नसते, कारण ठराव त्याने वाचलेला नसतो. असल्या टिपा निर्दयपणे पुसाव्यात.

कोडमध्ये विखुरलेले नुसते आकडे हा असाच जुना रोग. जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंसाठी गेले. मुख्यतः ५ आणि १८ राहिले, काही मोजक्या वस्तूंना ४० लागला. ज्या सॉफ्टवेअरमध्ये १२ हा आकडा पन्नास जागी लिहिला होता तिथे शोधा-आणि-बदला करणाऱ्याला कळत नाही की हा १२ कराचा आहे, डझनाचा आहे की वर्षाच्या महिन्यांचा. दराची वेगळी सारणी करावी; तिच्यात वस्तूगट, दर आणि ‘लागू_पासून’ ही तारीख असावी. बिलाच्या तारखेवरून दर निवडला जावा, आजच्या तारखेवरून नव्हे, म्हणजे जुने बिल पुन्हा छापले तरी त्यावर जुनाच कर येतो. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने साठवाव्यात. ०३/०४/२०२४ हे तीन एप्रिल की चार मार्च, हा प्रश्न आर्थिक वर्ष बदलण्याच्या सुमारालाच नेमका महाग पडतो.

आता भाषेकडे येतो, कारण इथे आपल्या भागाची अडचण खास आहे. एकाच प्रकल्पात एकाने व्याजाला मराठीतून ‘व्याज’ म्हटले, दुसऱ्याने कन्नडमधून ‘बड्डी’ आणि तिसऱ्याने इंग्रजीतून ‘इंटरेस्ट’. त्यातही मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे. एकट्या ‘व्याज’चीच तीन रूपे एका फाईलमध्ये सापडू शकतात. शोध घेताना एक सापडते, दोन राहतात. कोणती भाषा चांगली हा इथे वादाचा मुद्दा नाही. कोडमधली नावे एका भाषेत ठेवावीत, बहुतेकांना इंग्रजी सोयीची पडते, आणि ज्या शब्दांना इंग्रजीत नेमका पर्याय नाही (उतारा, गुंठा, सभासद, येणे-बाकी) ते मूळ शब्दच वापरून त्यांचे एकच स्पेलिंग ठरवावे. प्रकल्पात एक शब्दावली फाईल ठेवावी: कोडमधला शब्द, मराठी, कन्नड आणि एका ओळीत अर्थ. चाळीस-पन्नास शब्द पुरतात. नव्या माणसाला संस्थेचा व्यवहार समजायला ही एक फाईल फार कामाला येते.

वापरणाऱ्याला दिसणारे संदेश कोडमध्ये न लिहिता वेगळ्या फाईलमध्ये ठेवावेत. गेटटेक्स्टसारखी साधने त्यासाठीच आहेत. इथेही एक खाच आहे. इंग्रजीत ‘अप्रूव्हड’ हा एकच शब्द सगळीकडे चालतो. मराठीत अर्ज मंजूर झाला, पावती मंजूर झाली, खाते मंजूर झाले. नाव आणि क्रियापद तुकड्यातुकड्यांनी जोडले तर पडद्यावर ‘पावती मंजूर झाला’ असे येते. म्हणून संपूर्ण वाक्यच एक संदेश धरावा आणि हे वाक्य कुठल्या पडद्यावर, कशाबद्दल येते ते भाषांतर करणाऱ्यासाठी टिपेत लिहावे. चूक दाखवणाऱ्या प्रत्येक संदेशाला क्रमांक द्यावा. खानापुरातून फोन करणारा कारकून मराठी पडदा पाहत असतो आणि चिकोडीत उत्तर देणारा कन्नड. क्रमांक दोघांचा एकच असतो.

नावांच्या शोधाबाबत दस्तऐवजात लिहिलीच पाहिजे अशी एक गोष्ट आहे. ‘कऱ्हाडकर’ हे आडनाव दोन तऱ्हांनी टंकता येते: ‘ऱ’ हे वेगळे अक्षर घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी आडनावे वाटतात. सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीचे प्रमाणित नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करणे) या दोघांना एक करत नाही. म्हणून नोंद घेतानाच एक रूप ठरवून दुसरे त्यात बदलणारा नियम स्वतः लिहावा लागतो, आणि तो का लिहिला हे सांगितले नाही तर पुढचा माणूस त्याला निरुपयोगी समजून काढून टाकतो. आकड्यांचेही तसेच. पायथन ‘१२’ हे देवनागरी आकडे संख्या म्हणून घेतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेला तेच दिले तर ‘संख्या नाही’ असे उत्तर येते. पडद्यावर चालले आणि सर्व्हरवर नाही, किंवा उलट, या तक्रारीचे मूळ इथे असू शकते. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये भरलेला जुना मजकूर असेल तर कोणता रकाना कोणत्या फॉन्टमध्ये आहे हे लिहून ठेवल्याशिवाय तो पुढे कुणालाच वाचता येणार नाही.

सामाईक प्रकल्पात मांडणीवरून भांडणे होतात: कंस कुठे, जागा किती, ओळ किती लांब. पायथनच्या पीईपी ८ या २००१ सालच्या शैलीपत्रकात ओळ जास्तीत जास्त ७९ अक्षरांची सांगितली आहे. लिनक्सच्या कर्नेलमध्ये एक टॅब आठ अक्षरांचा धरतात. यापैकी काय योग्य यावर वेळ घालवू नये. ब्लॅक, प्रेटिअर, जीओएफएमटी अशी साधने मांडणी आपोआप करतात. एक निवडावे, तपासणी स्वयंचलित करावी आणि विषय संपवावा. मात्र जुन्या प्रकल्पावर असे साधन पहिल्यांदा चालवताना तो बदल एकटाच, स्वतंत्र कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या एका नोंदीत) करावा. मांडणी आणि तर्क एकाच कमिटमध्ये बदलले तर तपासणाऱ्याला तीन हजार ओळींतून खरा बदल शोधावा लागतो. शिवाय कोणती ओळ कुणी बदलली हे दाखवणाऱ्या गिट ब्लेममध्ये प्रत्येक ओळीवर साधन चालवणाऱ्याचेच नाव दिसू लागते. गिटच्या २.२३ आवृत्तीपासून असे कमिट वगळण्याची सोय आहे. वगळायच्या कमिटची यादी एका फाईलमध्ये देता येते.

कमिटचा संदेश हाही दस्तऐवजच. ‘बदल केले’, ‘फायनल’, ‘फायनल २’ यांतून काही कळत नाही. पहिली ओळ पन्नासेक अक्षरांची, मग एक ओळ मोकळी, मग कारण. ‘थकीत हप्त्याच्या मोजणीत रविवारी जमा झालेली रक्कम धरली जात नव्हती’ असे लिहिले तर वर्षाने तीच तक्रार आली की पाच मिनिटांत मूळ सापडते. चारशे ओळींपेक्षा मोठा बदल तपासायला दिला तर तो कुणी नीट वाचत नाही. वरवर नजर फिरवून ‘ठीक आहे’ म्हणतात.

रीडमी, म्हणजे सॉफ्टवेअरची ओळख आणि बसवण्याची कृती सांगणारी फाईल, बहुतेक ठिकाणी असते आणि बहुतेक ठिकाणी अपुरी असते. तिच्यात पहिल्या चार ओळींत हे सॉफ्टवेअर काय करते आणि काय करत नाही ते हवे. नंतर लागणाऱ्या भाषेची आणि डेटाबेसची नेमकी आवृत्ती, बसवण्याच्या आज्ञा क्रमाने, नमुन्याचा डेटा, चाचण्या कशा चालवायच्या, बॅकअप कुठे जातो आणि तो परत कसा भरायचा. हे शेवटचे कुणी लिहीत नाही, आणि डिस्क बिघडल्यावर तेवढेच लागते. पासवर्ड रीडमीत लिहू नये. कोणकोणते पासवर्ड लागतात त्यांची रिकामी नमुना फाईल द्यावी. सभासदांचा खरा डेटा नमुना म्हणून कधीही ठेवू नये. रीडमी पुरेशी आहे की नाही हे पाहण्याची एकच खात्रीची रीत आहे: प्रकल्प न पाहिलेल्या माणसाला कोऱ्या मशीनवर फक्त रीडमी घेऊन बसवावे आणि आपण गप्प राहावे. तो जिथे अडतो तिथे एक ओळ कमी आहे. ती त्याच्याकडूनच लिहून घ्यावी, कारण जाणकाराला ती उणीव दिसतच नाही.

जुना, न समजणारा कोड हाती आला तर तो सगळा नव्याने लिहिण्याचा मोह होतो. तो बहुधा टाळावा, कारण त्या गबाळ्या कोडमध्ये कितीतरी ठराव आणि अपवाद दडलेले असतात. आधी तो आपल्या मशीनवर चालवावा आणि पायऱ्या लिहून ठेवाव्यात. मग संस्थेच्या दप्तरातल्या वीस-तीस जुन्या पावत्या घ्याव्यात, त्यांतली नावे व खाते क्रमांक बदलावेत आणि त्यांच्या आकड्यांवरून चाचण्या लिहाव्यात. आजचे उत्तर चुकीचे वाटले तरी आधी जसे आहे तसे नोंदवावे. एवढे झाले की नावे बदलणे, लांब फंक्शन तोडणे, एकात एक घुसलेल्या चार-पाच अटी सरळ करणे हे न घाबरता करता येते. ज्या फाईलला हात लागेल तेवढीच सुधारावी. सगळा प्रकल्प एकदम आवरायला घेतला की तो अर्धवट राहतो, आणि मग एकाच ठिकाणी दोन पद्धती नांदतात.

कॉलेजांना आमची विनंती आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा बांधीव अहवाल तपासला जातो, सोनेरी अक्षरांचे मुखपृष्ठ होते. पण तोच प्रकल्प दुसऱ्या गटाला रीडमीवरून चालवता येतो का हे पाहिले जात नाही. गुणांचा काही भाग यासाठी ठेवावा: परीक्षेच्या दिवशी दुसऱ्या गटाने तो कोऱ्या मशीनवर बसवावा आणि एक लहानसा बदल करून दाखवावा. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयेही अनेक आहेत. असा प्रयोग इथून सुरू व्हायला काही अडचण दिसत नाही.

संस्थांनी करारातच स्पष्ट लिहून घ्यावे: संपूर्ण मूळ कोड गिटच्या इतिहासासह, डेटाबेसच्या प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक, शब्दावली, रीडमी आणि बॅकअप परत भरण्याची पायरीवार कृती. हे सगळे संस्थेच्या स्वतःच्या खात्यावर असावे, लिहिणाऱ्याच्या खासगी खात्यावर नव्हे. ठरलेल्या रकमेचा शेवटचा पाचवा हिस्सा राखून ठेवावा. तिऱ्हाईत माणसाने कोऱ्या मशीनवर सॉफ्टवेअर बसवून, आदल्या दिवशीचा बॅकअप भरून, एक पावती छापून दाखवली की तो द्यावा. ही तपासणी दरवर्षी मार्चअखेरीच्या गडबडीआधी, फेब्रुवारीत, पुन्हा करावी आणि रीडमीच्या पहिल्या ओळीत तिची तारीख घालावी.

आपले नम्र,
सॉफ्टवेअर क्षेत्रातील काही वाचक,
बेळगाव